पाठ असले तरी पाहूनच लिहावे : तोरा लिहिणाऱ्या सोफेराच्या शिस्तीने जुन्या पोथीची प्रत कशी करावी

वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात अजूनही बऱ्याच घरांत लाल फडक्यात बांधलेली एखादी पोथी, भजनाची वही किंवा आजोबांनी टाकाने लिहिलेले हरिपाठाचे बाड देवघरात नाहीतर माळ्यावरच्या पेटीत पडलेले असते. कागदाच्या कडा हात लावताच भुरभुरतात, एखाद्या कोपऱ्यातून वाळवीने वाट काढलेली असते, आणि घरात ते अक्षर लागणारे माणूस एकच उरलेले असते. अशा बाडाची हाताने प्रत करायला जो बसणार आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रत्येक पानाचे मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो आधी काढून ठेवावेत, त्यात वाद नाही. परंतु फोटो काढताना डोळा अक्षरावर थांबत नाही, आणि न लागलेले अक्षर फोटोतही न लागलेलेच राहते. हाताने उतरवताना मात्र प्रत्येक अक्षराशी एकदा तरी गाठ पडते.

माझी स्वतःची चूक आधी सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात मी आजोबांच्या भजनाच्या वहीची प्रत केली. अर्ध्याहून अधिक भजने मला लहानपणापासून पाठ होती, म्हणून काम भराभर उरकले. एका भजनात दोन ओळी ‘चरणी’ या शब्दावर संपत होत्या. पहिली लिहून झाल्यावर वहीकडे पाहिले तेव्हा डोळा दुसऱ्या ‘चरणी’वर पडला आणि मधल्या चार ओळी गेल्या. चालीत काही अडले नाही, त्यामुळे मला कळलेही नाही. पाच-सहा वर्षांनी कार्तिकातल्या काकड्याला शेजारच्या आजीने त्या चार ओळी म्हटल्या आणि मी चाट पडलो. घरी येऊन मूळ वही काढली, तर वाळवीने नेमके ते पान खाल्ले होते. आजीला आठवत होते तसे मी लिहून घेतले, पण ते आजोबांच्या वहीतले आहे असे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्यानंतर नकलेच्या शास्त्राविषयी जे मिळेल ते वाचू लागलो आणि ज्यू लेखनिकांच्या नियमांपाशी येऊन थांबलो. त्या लेखनिकाला हिब्रूत ‘सोफेर’ म्हणतात. तोरा म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, वाचण्यासाठी ते आजही छापलेल्या पुस्तकातून घेत नाहीत, तर चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेल्या प्रतीतून वाचतात. या प्रतीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि त्यांतले एक जरी गळाले, वाढले किंवा मोडले, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. वाचता वाचता अशी चूक सापडली तर ती गुंडाळी बाजूला ठेवून दुसरी काढतात, आणि सदोष गुंडाळीचा पट्टा वस्त्राच्या बाहेरून बांधतात, म्हणजे पुन्हा कोणी ती चुकून उचलू नये. हे लोक आपल्याला परके आहेत असेही नाही. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवताना शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले, आणि पुण्यातल्या सिनेगॉगला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. आपल्या बाजूला मात्र हा समाज नाही, त्यामुळे इकडे हा विषय फारसा कोणाच्या कानी पडत नाही.

एक मर्यादा येथेच आखून घ्यावी. आपण तोरा लिहिणार नाही. ती लिहिण्यासाठी सोफेर त्या धर्माचा, नियम शिकलेला आणि व्रतस्थ असावा लागतो, आणि हौस म्हणून हिब्रू अक्षरे गिरवून कोणी तोरा तयार करत नाही. आपण घ्यायची ती त्याची शिस्त, आणि लिहायचा तो आपल्या घरचा मजकूर.

सगळ्या नियमांच्या मुळाशी असलेला नियम प्रथम सांगतो. सोफेराला तोरा स्मरणातून लिहिता येत नाही. वर्षानुवर्षे तेच लिहून त्याला पानेच्या पाने मुखोद्गत असतात, तरीही समोर तपासलेली आदर्श प्रत ठेवावी लागते. तिला ‘तिक्कून’ म्हणतात. शब्द पाहायचा, तोंडाने उच्चारायचा, मग लिहायचा. दारच्या चौकटीवर लावायच्या मेझुझाचा आणि प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या तेफिलीन या चामडी डब्यांतला मजकूर छोटा आणि नेहमीच्या म्हणण्यातला असल्यामुळे तिथे या नियमाला सवलत आहे, तोरेला नाही. माझ्या वहीत मी नेमके याच्या उलट केले होते. जे पाठ नव्हते ते मी पाहून लिहिले, आणि त्यात फारशा चुका झाल्या नाहीत. जे पाठ होते तिथे मी स्वतःवर विश्वास ठेवला.

म्हणून बैठक अशी मांडावी. मूळ पान डाव्या हाताला, किंचित उभे, उजेड त्यावर पडेल असे ठेवावे. त्यावर एक जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवून लिहीत असलेल्या ओळीखालचा सगळा मजकूर झाकावा, म्हणजे डोळा खालच्या ‘चरणी’वर उडी मारणार नाही. शब्द मोठ्याने म्हणावा. पुटपुटणे पुरत नाही, कारण कान हा इथे दुसरा तपासनीस असतो. ओळ संपली की दोन्हीकडची अक्षरे मोजावीत. ही मोजणी वेडेपणाची वाटेल, परंतु ‘सोफेर’ या शब्दाच्या मुळात मोजणेही आहे, आणि पूर्वीचे विद्वान तोरेतली अक्षरे मोजत म्हणून त्यांना सोफेर म्हणत, असे तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात नोंदले आहे. आपल्या लिपीत मोजताना मात्र आधी ठरवून घ्यावे लागते : जोडाक्षर एक धरायचे, काना-मात्रा-वेलांटी अक्षराबरोबरच मोजायची, दंड आणि आकडे सोडून द्यायचे. कोणतीही पद्धत चालेल, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती एकच असावी.

आता शाई. या भागावर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण गावातल्या मुलांना यात सर्वांत जास्त गोडी वाटते आणि सगळे सामान गावातच मिळते. सोफेराच्या पारंपरिक शाईत तीन गोष्टी असतात : एका जातीच्या ओक वृक्षावर किड्यामुळे येणाऱ्या गाठी, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, आणि हिराकस किंवा मोरचूद यांसारखा क्षार. त्या गाठी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले मायफळ आहे, जे बाळगुटीत सहाणेवर उगाळले जाते. मायफळ महाग पडते. परंतु त्यात जो तुरट अंश काम करतो तोच हिरड्यात भरपूर असतो, आणि हिरडा मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत मिळतो. ज्या सहाणेवर आजीने आपल्याला हिरडा उगाळून चाटवला, त्याच हिरड्याने तिची भजने लिहून ठेवावीत, यात मला तरी एक प्रकारचा नेटकेपणा दिसतो.

पन्नास ग्रॅम वाळलेला हिरडा घ्यावा, बी काढून टाकून खलबत्त्यात जाडसर कुटावा आणि अर्धा लिटर पाण्यात मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात दोन दिवस भिजत ठेवावा. तिसऱ्या दिवशी मंद आचेवर पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे आणि दुहेरी सुती फडक्यातून गाळावे. हे पाणी फिक्या चहाच्या रंगाचे असते आणि मुलांचा विश्वास बसत नाही की याची शाई होईल. गार झाल्यावर ते काचेच्या बरणीत घेऊन त्यात वीस ग्रॅम हिराकस थोड्याशा पाण्यात विरघळवून ओतावा. ओतताक्षणी पाणी जांभळट काळे होते, आणि वर्गात एकदम गलका होतो. शेवटी पंधरा ग्रॅम बाभळीचा स्वच्छ डिंक रात्रभर भिजवून, गाळून त्यात मिसळावा. शाई टाकाला धरून राहते आणि कागदावर फुटत नाही ती डिंकामुळे. हिराकस पोटात जाऊ देऊ नये, डोळ्यांपासून दूर ठेवावा, आणि ओतण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. कपड्यावर पडलेला डाग निघत नाही, हे आईच्या बोलण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवलेले बरे.

ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की तासाभरात गडद होत जाते. म्हणून अक्षर फिके आले असे समजून पुन्हा गिरवू नये. हिराकस जास्त पडला तर काही वर्षांनी शाईच कागदाला खाऊ लागते, अक्षराच्या जागी तपकिरी भोके पडतात. त्यासाठी आधी एका चिठोऱ्यावर लिहून ते आठवडाभर उन्हात ठेवावे, आणि अक्षराभोवती पिवळट वलय दिसले तर हिरड्याचे पाणी वाढवावे. क्षार घालावा की नाही, हा वाद ज्यू परंपरेतही फार जुना आहे. रब्बी म्हणजे ज्यू धर्मशास्त्री; त्यांतले रब्बी मेईर हे स्वतः लेखनिक होते आणि शाईत असा क्षार घालीत. रब्बी इश्माएल यांनी त्यांना बजावल्याची कथा तालमूदात आहे : हे काम स्वर्गाचे आहे, एक अक्षर गाळलेस किंवा वाढवलेस तर सारे जग उद्ध्वस्त करशील. त्यावर मेईर यांनी उत्तर म्हणून आपल्या शाईचीच गोष्ट पुढे केली. लेखनिक माणूस भीतीला उत्तर देतो ते कृतीच्या तपशिलाने, असे मला ही कथा वाचताना नेहमी वाटते.

लेखणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. युरोपकडचे सोफेर हंसाचे किंवा टर्कीचे पीस वापरतात, पूर्वेकडच्या परंपरेत बोरू चालतो, आणि आपल्याला बोरूच बरा. ओढ्याकाठचा वाळलेला, पेराला टणक असा बोरू घ्यावा, तिरका छाटावा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यावी आणि टोक काचेवर आडवे कापावे. तोरेसाठी लोखंडी निब टाळण्याचा प्रघात आहे, कारण लोखंड हा शस्त्रांचा धातू. आपल्यावर तसे बंधन नाही, पण या शाईत लोखंडी निब लवकर गंजते, हे कारण पुरेसे आहे.

तोरेचे पान म्हणजे भक्ष्य मानलेल्या जनावराचे कातडे. ते चुन्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून तयार करतात, आणि ते कोणत्या हेतूने तयार होत आहे हे प्रारंभीच उच्चारून ठेवतात. आपण हातकागद वापरावा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कामात हातकागदाला मोठे स्थान होते, आणि खादी भांडारांतून असा कागद अजून मिळतो. पानावरच्या ओळी शाईने किंवा पेन्सिलीने आखू नयेत. सोफेर टोचणीने नुसती दाबरेघ ओढतो आणि अक्षरे त्या रेघेवर न बसवता तिच्याखाली टांगतो. आपल्याला हे समजावून सांगावेच लागत नाही, कारण आपली अक्षरेही शिरोरेघेला लोंबतात. पोती शिवायचा दाभण घेऊन त्याचे टोक दगडावर घासून बोथट करावे आणि पट्टी धरून हलक्या हाताने रेघ दाबावी. रेघ बोटाला लागावी, पण कागद फाटू नये. तोरेच्या एका स्तंभात बहुधा ४२ ओळी असतात; आपण मूळ पानावर असतील तेवढ्याच आखाव्यात.

चारी बाजूंनी समास सोडावा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे, ते प्रत करणाऱ्याने एकदा अवश्य वाचावे. भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, हे त्यातले सांगणे वाळवीशी गाठ पडलेल्या प्रत्येकाला पटेल. तरुणपणी बारीक लिहिलेले म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे, हेही त्यात आहे. सोफेराच्या आणि समर्थांच्या नियमांत इतके साम्य पाहून सुरुवातीला मला आश्चर्य वाटले, पण रोज लिहिणाऱ्या माणसांच्या अडचणी सगळीकडे सारख्याच असणार.

प्रत्यक्ष लिहिताना सोफेर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहतो : प्रत्येक अक्षराभोवती सर्व बाजूंनी कोरे कातडे दिसले पाहिजे. दोन अक्षरे केसाएवढी जरी चिकटली तरी दोष. आपल्या शिरोरेघेमुळे हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून आपण तो असा वळवून घ्यावा की शिरोरेघेखाली एका अक्षराचा कोणताही भाग शेजारच्या अक्षराला लागू नये, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकू नयेत. जुन्या बाडांत निम्मे घोटाळे या अडकण्यातूनच होतात.

दुसरी गोष्ट सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. हिब्रूत ‘दालेत’ आणि ‘रेश’ या अक्षरांत फरक फक्त कोपऱ्याचा आहे : दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. ज्यू प्रार्थनेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ईश्वर ‘एहाद’ म्हणजे एक आहे असे सांगते; त्या शब्दाच्या शेवटी दालेतऐवजी रेश वाचला गेला तर तो ‘अहेर’ होतो, आणि अहेर म्हणजे दुसरा. म्हणून तोरेत त्या ठिकाणचा दालेत मुद्दाम मोठा लिहितात, आणि दुसऱ्या देवाला नमू नकोस असे जिथे म्हटले आहे तिथला रेश मोठा लिहितात. आपल्याकडे ‘घन’ आणि ‘धन’ यांत एवढेच अंतर आहे. ‘भात’ आणि ‘मात’, ‘पाप’ आणि ‘पाय’ यांतही गाठ किंवा वळण पुसट झाले की अर्थ पालटतो. आणि जुन्या वळणाच्या ‘ख’ने तर ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांची किती गंमत केली आहे, हे मोठ्या माणसांना ठाऊक असते. लिहिण्यापूर्वी मूळ लेखकाच्या हातच्या अशा जोड्या वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात : त्याचा घ कसा, ध कसा, ष आणि प कसे, अनुस्वार अक्षरावर पडतो की पुढे सरकतो. हे काम एका संध्याकाळचे आहे, पण पुढचे महिनाभराचे अंदाज वाचतात.

तरीही एखादे अक्षर अडतेच. यावरचा सोफेरांचा उपाय मला सगळ्यांत आवडतो. अक्षराची घडण संशयास्पद असेल तर ते एका लहान मुलाला दाखवतात. मूल अक्षरे ओळखणारे असावे, पण फार चलाख नसावे, म्हणजे अर्थावरून ते अक्षर ताडणार नाही. आजूबाजूचा मजकूर झाकतात आणि विचारतात : हे काय आहे? मूल सांगेल ते अक्षर. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हा प्रयोग केला. पोस्टकार्डाला नखाएवढे भोक पाडून ते पानावर ठेवले आणि दुसरीतल्या एका मुलीला बोलावले. ज्या अक्षराला आम्ही तिघे शिक्षक बराच वेळ ‘भ’ म्हणत होतो, कारण पुढेमागे ‘भक्ती’चा विषय होता, त्याला ती पाहताक्षणी ‘म’ म्हणाली. भिंग घेऊन पाहिले तर तो ‘म’च होता, आणि ओळ ‘मुक्ती’ची होती. तिला ओळीचा अर्थ माहीत नव्हता, म्हणूनच तिला अक्षर दिसले. शिकलेल्या माणसाने पाचवी-सहावीतल्या हुशार मुलाला बोलावण्याचा मोह टाळावा.

मूळ पानावरची रिकामी जागाही नकलून घ्यावी. तोरेत परिच्छेदाच्या मोकळ्या जागा दोन प्रकारच्या असतात, एक ओळ उघडी सोडणारी आणि दुसरी ओळीच्या मध्येच बंद होणारी, आणि त्या चुकल्या तरी गुंडाळी सदोष ठरते. इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडल्यानंतर गायलेले तोरेतले गीत तर विटांच्या बांधकामासारखे, शब्दांवर रिकामी जागा आणि रिकाम्या जागेवर शब्द, असे रचून लिहितात. आपल्या वहीत एखाद्या कडव्यापुढे अर्धी ओळ मोकळी असेल, धृपद आत सरकवून लिहिले असेल, तर ते कागद वाचवण्याच्या हिशेबाने बदलू नये. म्हणणारा तिथे थांबत असेल. शुद्धलेखनही सुधारू नये. ‘येकादसी’ असेल तर ‘येकादसी’च. आपल्याला जे चूक वाटते त्याची नोंद समासात पेन्सिलीने करावी. रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच, आणि तिथल्या महानुभावांचा दाखला याबाबतीत मोलाचा आहे : लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाल्यावर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, त्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले, परंतु महानुभाव लेखकांनी एकमेकांचे पाठ खोडून टाकण्याऐवजी वेगळा पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवला. सोफेराला पाठभेद ठेवण्याची मुभा नाही, आपल्याला आहे, आणि ती समासातच वापरावी.

चूक झाली तर काय करावे? शाई ओली असताना हात लावू नये. पूर्ण वाळल्यावर धारदार पात्याने हलकेच खरवडावे, जागा नखाने घोटून गुळगुळीत करावी आणि मग लिहावे. सोफेरही असेच करतो, पण त्याच्यावर एक जास्तीचे बंधन आहे : एक अक्षर खरवडून त्यातून दुसरे घडवता येत नाही. रेशला शाईची भर घालून दालेत करता येईल, पण दालेतचा कोपरा तासून रेश करता येत नाही, कारण अक्षर लिहून झाले पाहिजे, कोरून नव्हे. हा नियम आपणही पाळावा. तासून उभे केलेले अक्षर पुढच्या वाचकाला कधीच नीट लागत नाही. एका स्तंभात तीनपर्यंत चुका असल्या तर दुरुस्त कराव्यात आणि चार झाल्या तर ते पान बाद करावे, असे एक मत तालमूदात आहे. माझ्या अनुभवाने हा आकडा अगदी व्यवहारी आहे. पानावर चौथी चूक होते तेव्हा हात थकलेला असतो, आणि त्या दिवशी उठावे हेच बरे.

ईश्वराचे नाव मात्र सोफेराला खरवडताच येत नाही. ते लिहिण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी आपला हेतू उच्चारतो, आणि नाव पुरे होईपर्यंत राजाने येऊन अभिवादन केले तरी उत्तर देत नाही. नावातच चूक झाली तर ते कातडे गुंडाळीतून काढून घेतात. आमच्या वाचनालयात मी एवढाच नियम लावला आहे की ओळ पुरी होईपर्यंत कोणीही हाक मारली तरी मान वर करायची नाही. एकदा दारात खुद्द सरपंच उभे होते आणि मुले लिहीतच राहिली; त्यांना आधी राग आला, मग त्यांनी चपला काढल्या आणि बसून पाहू लागले.

लिहिण्याचा हंगाम आपल्याकडे सांभाळावा लागतो. वैशाखात शाई बोरूवरच वाळते, श्रावणात कागद सादळून अक्षर पसरते, आणि कापसाच्या वेचणीत कोणाला सवड नसते. तुरी घरी आल्या की माघ-फाल्गुनातल्या सकाळी दोन तास बसावे. सोफेराला एक तोरा लिहायला वर्ष ते दीड वर्ष लागते, म्हणजे कामाचे तीनशे दिवस धरले तरी रोजची साधारण हजार अक्षरे होतात. नवख्याने दोन तासांत तीनशे अक्षरांच्या पुढे जाऊ नये.

पुरे झालेले पान लिहिणाऱ्याने स्वतः तपासू नये. दोघांनी बसावे : एकाने मूळ पान अक्षर अक्षर वाचावे, दुसऱ्याने नव्या पानावर बोट ठेवून चालावे, आणि मग अदलाबदल करून शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे पुन्हा वाचावे, म्हणजे अर्थ मदतीला येत नाही. आता तोरेच्या गुंडाळ्या माणसांबरोबर संगणकानेही तपासतात. गळालेले किंवा दोनदा आलेले अक्षर यंत्र चटकन पकडते, पण चिकटलेली अक्षरे आणि शाईचे तडे यांसाठी माणसाची नजर लागतेच. न तपासलेला ग्रंथ तीस दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवू नये, असाही जुना दंडक आहे. हा दंडक भिंतीवर लिहून ठेवावा, कारण ‘सवडीने तपासू’ म्हणून बाजूला ठेवलेली प्रत तशीच वापरात जाते. माझी गेली होती.

तोरेची शेवटची काही अक्षरे सोफेर नुसती बाह्यरेषेने काढून ठेवतो आणि समारंभाच्या दिवशी समाजातली माणसे एकेक करून ती शाईने भरतात. आपल्याकडेही शेवटची ओळ अशी राखून ठेवावी आणि ज्यांच्या घरची वही आहे त्या घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाकडून आणि सर्वांत लहान मुलाकडून एकेक अक्षर भरून घ्यावे. त्यांचा हात थरथरला तरी चालतो, कारण रेषा आधीच बांधलेल्या असतात.

जुने बाड नदीत सोडू नये. निकामी झालेल्या पवित्र लिखाणासाठी ज्यू लोक ‘गेनिझा’ म्हणजे राखीव कोठी ठेवतात आणि पुढे ते लिखाण जमिनीत पुरतात. कैरोच्या एका सिनेगॉगच्या अशा कोठीतून १८९६ नंतर लाखो चिटोरे अभ्यासकांच्या हाती आले आणि मध्ययुगातले सारे व्यवहार उजेडात आले. आपण जुने बाड सुती फडक्यात, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह, जमिनीपासून वर असलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे आणि दर पोळ्याला उघडून पाहावे.

राहिला समाप्तीचा मजकूर. आपले जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक संस्कृत श्लोक लिहून मोकळे होत असत, त्याचा आशय असा की जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. सोफेराला असे हात झटकता येत नाहीत. म्हणून श्लोकाऐवजी शेवटच्या पानावर एवढे लिहावे : मूळ बाड कोणाच्या घरचे, त्यातली कोणती पाने नव्हती, प्रत कोणी केली, कोणी तपासली, शाई कशाची, गाव, तालुका, तिथी आणि तारीख. समासात जितक्या शंका नोंदवल्या असतील त्यांची संख्याही आकड्यात लिहावी. माझ्या दुसऱ्या प्रतीत ती संख्या सतरा आहे, आणि सतरावी शंका त्या चार ओळींची आहे.